बाटली भरलेली, डबा अर्धा

‘ताई, माझी मुलगी यंदा सहावीत गेली. पाचवीपर्यंत घराजवळच्या छोट्या शाळेत होती, आता मोठ्या शाळेत जाते. पाच महिने झाले, रोज डबा अर्धा परत येतो. विचारलं की “भूक नव्हती”. आणि घरात पाऊल टाकल्या टाकल्या बिस्किटांवर तुटून पडते! पाण्याची बाटली तर देते तशीच परत येते. आठवड्यातून दोनदा तरी कॅन्टीनमधलं तळलेलं खाते, हे तिच्या मैत्रिणीकडून कळलं. पूर्वी संध्याकाळी हाका मारमारून हिला घरात आणावं लागायचं. आता ज्या दिवशी खेळाचा तास, त्या दिवशी सकाळी हमखास पोट दुखतं. मध्यंतरी शाळेत आरोग्य तपासणी झाली, तेव्हा सगळ्यांची वजनं वर्गात मोठ्याने वाचली म्हणे. तेव्हापासून कितीही उकडत असलं तरी अंगातलं जॅकेट काढत नाही. वर्गशिक्षिका म्हणतात, “सवयी घरातून लागतात.” सासूबाई म्हणतात, डब्यात रोज तेच तेच असतं. माझं नेमकं कुठे चुकतंय? शाळा बदलावी का?
— एक आई’

तुमच्या पत्रात डब्याबद्दल बरंच आहे आणि बाटलीबद्दल एकच वाक्य. मी त्या एका वाक्यापाशी अडकले.

भरलेली बाटली रोज तशीच परत येते, तेव्हा मला आधी शाळेचं शौचालय दिसतं. कडी नसलेलं दार, ते बाहेरून धरून उभी राहिलेली मैत्रीण, ओली फरशी, नळाजवळ साबण नाही. मधल्या सुट्टीत रांग, आणि तासाला विचारलं तर ‘आत्ताच तर सुट्टी झाली!’ असं उत्तर. मुली फार लवकर हिशेब शिकतात: पाणी प्यायलं नाही की जावं लागत नाही. त्यात सहावीचं वय. कुणाची पाळी सुरू झालेली असते, कुणाची होऊ घातलेली असते. दिवसभर पाणी तोडलं आणि शौचाची भावना दाबली, की बद्धकोष्ठ होतं, पोट जड राहतं, भूक मरते. म्हणजे ‘पोट दुखतं’ आणि ‘भूक नव्हती’ ही दोन्ही वाक्यं चक्क खरी असू शकतात. तिला खोटं पाडण्याआधी एकदा सहज, जेवणाचा विषय नसताना, विचारून बघा: शाळेत तू शौचालयाला जातेस का? उत्तर ‘नाही’ आलं, तर तुमचं निम्मं कोडं तिथेच सुटलं. दुखणं सुट्टीच्या दिवशीही राहत असेल, तर मात्र अंदाज बांधत बसू नका, डॉक्टरांकडे न्या.

पाण्याची गोष्ट मी उगाच ताणत नाहीये. जर्मनीत डॉर्टमुंड आणि एसेन या शहरांतल्या 32 प्राथमिक शाळांमध्ये एक प्रयोग झाला होता, तो 2009मध्ये प्रसिद्ध झाला. काही शाळांमध्ये पिण्याच्या पाण्याची यंत्रं बसवली, मुलांना बाटल्या दिल्या, पाण्याबद्दल थोडे तास घेतले. बस, इतकंच. कुणाच्या जेवणाला हात लावला नाही, कुणाला पळायला लावलं नाही. शाळेचं वर्ष संपताना त्या शाळांमधल्या मुलांचं वजन जास्तीकडे झुकण्याचा धोका इतर शाळांपेक्षा 31 टक्क्यांनी कमी दिसला. मुलांचा स्वभाव बदलला नव्हता. नळ जवळ आला होता.

आता डब्याकडे येऊ. तुम्ही विचारता, माझं कुठे चुकतंय. मी विचारते, तिच्या शाळेची मधली सुट्टी किती मिनिटांची आहे? आणि कागदावर आहे ती सांगू नका, खरी सांगा.

मी सव्वीस वर्षं शाळेत खेळ शिकवला. त्यामुळे गळ्यात स्टॉपवॉच असायचंच. एकदा उत्सुकता म्हणून घंटा झाल्या झाल्या ते सुरू केलं आणि सहावीच्याच एका वर्गाच्या दाराशी उभी राहिले. सुट्टी वीस मिनिटांची. घंटा झाली तरी बाई फळ्यावरचं शेवटचं गणित उतरवून घ्यायला सांगत होत्या, त्यात तीन मिनिटं गेली. मग हात धुवायला नळाशी झुंबड, कारण दोन नळ आणि तीन वर्ग. परत येऊन जागा पकडायची, कारण रोजच्या शेजारणीचं काल भांडण झालेलं. मागच्या बाकावरच्या एका मुलीला डब्याचं झाकण उघडेना. तिने ते ओढणीत धरून पिळलं, मग शेजारणीला दिलं, मग पुढच्या बाकावरच्या मुलाला. उघडलं तेव्हा माझ्या घड्याळात साडेनऊ मिनिटं झाली होती. चार घास खाल्ले आणि ती बोलायला लागली, कारण सकाळपासून तिला बोलायला मिळालेलं नव्हतं. सोळाव्या मिनिटाला कुणीतरी ‘चला, मैदान मिळणार नाही’ म्हणून ओरडलं आणि अर्धा वर्ग डबे मिटून पळाला. तिनेही मिटला. संध्याकाळी तिच्या घरी काय संवाद झाला असेल, हे मी न ऐकता सांगू शकते.

हा माझ्या एका शाळेतला एक दिवस. पण हेच मोजून पाहणारे लोकही आहेत. अमेरिकेत हार्वर्डच्या संशोधकांनी शाळेतल्या मुलांच्या ताटात काय उरतं ते तपासलं, 2015मध्ये त्यांचे निष्कर्ष आले. ज्यांना बसून जेवायला वीस मिनिटांहून कमी वेळ मिळाला, त्यांनी पंचवीस मिनिटं मिळालेल्यांपेक्षा मुख्य पदार्थ 13 टक्के, भाज्या 12 टक्के आणि दूध 10 टक्के कमी घेतलं. स्वयंपाक एकच, मुलं त्याच भागातली, फरक घड्याळाचा. आणि ही मिनिटं ‘बसल्यानंतरची’ आहेत हे विसरू नका, घंटेपासूनची नाहीत.

खेळण्याआधी जेवण की जेवणाआधी खेळ, यानेही फरक पडू शकतो. युटाह राज्यातल्या काही प्राथमिक शाळांनी आधी खेळाची सुट्टी आणि मग जेवण असा क्रम लावला, तेव्हा फळं-भाज्या खाण्याचं प्रमाण 54 टक्क्यांनी वाढलेलं दिसलं. सगळीकडे इतका मोठा फरक आढळलेला नाही. पण कारण समजायला संशोधक व्हायची गरज नाही. मैदान वाट बघत असेल तर कुठलंही मूल डबा संपवणार नाही. खेळून आलेलं मूल मात्र भुकेलंही असतं आणि त्याला कुठे पळायचंही नसतं.

कॅन्टीनचं कोडंही इथेच उलगडतं. तळलेला पदार्थ चवीला बरा लागतो हे खरंच, पण त्याचा मोठा गुण वेगळा आहे: तो एका हातात धरून, चालता चालता, मैत्रिणीच्या खांद्यावर दुसरा हात टाकून खाता येतो. डब्याला बसावं लागतं, उघडावा लागतो, हात बरबटतात, पुन्हा नळाची रांग. सहा मिनिटांत दोन्हींतलं काय जिंकणार? चिलीने 2016पासून ज्या पदार्थांवर ‘साखर जास्त’, ‘मीठ जास्त’ असे काळे शिक्के मारावे लागतात, ते शाळेत विकायलाच बंदी घातली. मला हा मार्ग आवडतो. अकरा वर्षांच्या मुलीने रोज स्वतःच्या मोहाशी कुस्ती खेळावी, ही अपेक्षाच मुळात मोठ्यांना न शोभणारी आहे.

शेजारी कोण बसतं, याला आपण फारच कमी महत्त्व देतो. लीन बर्च नावाच्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी 1980मध्ये एक साधा प्रयोग केला होता. बालवाडीतल्या एखाद्या मुलाला एक भाजी आवडते आणि दुसरी आवडत नाही. त्याला, ती नावडती भाजी आवडीने निवडणाऱ्या मुलांच्या टेबलावर बसवलं. चार दिवसांत अनेक मुलं आपली निवड सोडून टेबलाची निवड करायला लागली. कुणी उपदेश केला नव्हता. हेच उलट्या दिशेनेही चालतं. ‘ई, हे काय आणलंस?’ हे एक वाक्य तुमचा तासाभराचा स्वयंपाक बंद डब्यात परत पाठवू शकतं. तुमच्या मुलीने यंदा शाळा बदलली आहे. तिचं टेबल अजून ठरायचं आहे, हे लक्षात घ्या.

म्हणून सासूबाईंच्या वैविध्याच्या मुद्द्यावर मी त्यांच्या बाजूने नाही. नव्या शाळेत, अनोळखी टेबलावर, मुलीला डब्यात नवलाई नको असते. ओळखीचं, न सांडणारं, वास न पसरवणारं, पटकन तोंडात टाकता येणारं हवं असतं. एक काम करा. तिचा डबा एक दिवस सासूबाईंच्या पुढ्यात ठेवा आणि घड्याळ लावून आठ मिनिटांत संपवायला सांगा, तेही बोलत बोलत. गंमत म्हणून करा, टोमणा म्हणून नको.

डब्यातलं प्रमाण कमी करा. रोज अर्धा उरणारा डबा ही तिच्यासाठी रोजची नापास होण्याची चिठ्ठी आहे. झाकण तिला एका हाताने उघडतं का, ते तिच्याकडूनच उघडवून बघा. फळ द्यायचं तर चिरून द्या. आणि शाळेतून आल्यावर बिस्किटांऐवजी सरळ जेवण वाढा, गरम, पोटभर, त्याला ‘मधलं खाणं’ म्हणू नका. तिची भूक चार वाजता खरी असते, तर चार वाजता जेवू दे. त्या वेळी डबा तपासू नका. ‘संपव, संपव’ चा उलटा परिणाम होतो, हेही मोजलेलं आहे. 2006च्या एका अभ्यासात लहान मुलांना सूप दिलं. ‘सूप संपव’ असा तगादा लावला तेव्हा मुलांनी ते कमी प्यायलं आणि त्याला नावंही जास्त ठेवली.

इथे एक सावधगिरी. भाज्यांना गमतीदार नावं द्या, फळांवर कार्टूनचे स्टिकर लावा, मग मुलं खातात, असले सल्ले तुम्हाला भरपूर वाचायला मिळतील. यातल्या पुष्कळ गोष्टी कॉर्नेल विद्यापीठातल्या ब्रायन वॉनसिंक यांच्या संशोधनावरून आल्या. त्यांचे बरेच शोधनिबंध, अगदी त्या स्टिकरच्या निबंधासकट, नंतर मागे घेतले गेले. तुमच्या मुलीच्या वयाला तर डब्यावर स्टिकर लावलात, तर डबा दप्तरातून बाहेरच येणार नाही.

आता खेळाचा तास. इथे मला स्वतःबद्दल सांगावं लागेल, आणि ते सांगायला बरं वाटत नाही. उशिरा आलेल्यांना मी मैदानाला फेऱ्या मारायला लावायचे. गप्पा मारल्या, दोन फेऱ्या. गणवेश नीट नाही, तीन. मला ती सौम्य शिक्षा वाटायची, छडीपेक्षा किती बरी! आणि त्याच शाळेत चांगल्या अक्षराबद्दल, शांत बसण्याबद्दल चॉकलेट मिळायचं. म्हणजे आम्ही वर्षानुवर्षं मुलांना काय शिकवत होतो बघा: गोड हे बक्षीस, धावणं ही शिक्षा. आहाराचा धडा पुस्तकात होता, त्यावर पाच मार्कांचा प्रश्नही यायचा. पण खरा धडा हा होता, आणि तो सगळ्यांना पाठ झाला. एक विद्यार्थिनी बऱ्याच वर्षांनी भेटली. म्हणाली, ‘बाई, डॉक्टरांनी चालायला सांगितलंय, पण बूट घातले की अजून वाटतं, मी काहीतरी चुकीचं केलंय.’

तुमच्या मुलीच्या तासाला काय होतं, हे मला माहीत नाही. पण तिच्याकडून काढून घ्या: दोन कप्तान उभे करून एकेक खेळाडू निवडतात का? त्यात शेवटी कोण उरतं? तासातली किती मिनिटं रांगेत आपली पाळी येण्याची वाट बघण्यात जातात? मैदानाचा मधला भाग चेंडूवाल्या मुलांचा आणि कडेची पट्टी मुलींची, असं आहे का? जागतिक आरोग्य संघटना 5 ते 17 वयाच्या मुलांना रोज सरासरी 60 मिनिटं दमवणारी हालचाल सांगते. 2016च्या आकडेवारीनुसार जगभरातल्या 11 ते 17 वयाच्या 81 टक्के मुलांना ती मिळत नव्हती. मुलांमध्ये हे प्रमाण 78 टक्के होतं, मुलींमध्ये 85. सहावीत येऊन अचानक मुली आळशी होतात, असं मला कधीच पटलेलं नाही. त्यांच्याकडे बघणारे डोळे वाढतात, आणि मैदानातली जागा कमी होते.

याला उपाय महाग नसतो. स्कॉटलंडमधल्या स्टर्लिंग शहरात एका प्राथमिक शाळेच्या मुख्याध्यापिकेने 2012मध्ये एक गोष्ट सुरू केली: रोज पंधरा मिनिटं वर्ग बाहेर काढायचा, आणि ज्याला जसं जमेल तसं धावायचं, दमलं की चालायचं. शाळेच्याच कपड्यांत, शर्यत नाही, पहिला-शेवटा नाही, मैत्रिणीशी बोलत धावलं तरी चालतं. पुढे ‘डेली माइल’ या नावाने ते अनेक देशांत पोचलं. तिथल्याच विद्यापीठाने नंतर तपासलं, तर असं न करणाऱ्या शाळेच्या तुलनेत या मुलांची दमवणारी हालचाल दिवसाला नऊ मिनिटांनी वाढलेली होती आणि बसून राहणं अठरा मिनिटांनी कमी झालं होतं. आकडे लहान आहेत, पण ते रोजचे आहेत, आणि त्यात शेवटी उरलेली मुलगीही मोजलेली आहे.

वजनं वर्गात वाचून दाखवल्याचं वाचून मला राग आला. त्यात शिक्षकांचा हेतू वाईट नसेल, तक्ता भरायचा असेल, वेळ नसेल, सगळं मान्य. पण कॅलिफोर्नियात 79 शाळांमध्ये नीट अभ्यास करून पाहिलं आहे. तिथे तर वजन-उंचीचा अहवाल खासगीत पालकांना घरी पाठवत होते. मुलांच्या वजनात त्याने काहीच सुधारणा झाली नाही, शाळेत मोजमाप झालेल्या मुलांमध्ये स्वतःच्या वजनाबद्दलची नाराजी मात्र वाढली. मग जाहीर वाचनाचं काय होत असेल? ते जॅकेट म्हणजे उत्तर आहे. जॅकेटबद्दल तिला बोलू नका. वजनाबद्दल घरात कुणीच, आजीनेही, चांगलं किंवा वाईट काहीही बोलू नये, एवढा नियम करा. आणि ती जेवणं टाळायला लागली, खाल्लेलं लपवायला लागली, आरशासमोर स्वतःला नावं ठेवायला लागली, तर वाट न बघता बालरोगतज्ज्ञ किंवा समुपदेशकाला भेटा.

‘सवयी घरातून लागतात’ या वाक्याला वर्गात जाऊन उत्तर देऊ नका. बाई चुकीचं बोलत नाहीत, अर्धंच बोलत आहेत. आणि खरं सांगू? त्यांचा स्वतःचा डबाही बहुतेक उभ्यानेच, वह्या तपासत, दहा मिनिटांत संपत असतो. जपानमध्ये शाळेतलं जेवण मुलंच वाढतात आणि शिक्षक त्यांच्याबरोबर वर्गात बसून तेच जेवतात. आपल्या शाळेत एवढं होईल असं नाही, पण बाईंना तुमच्याइतकीच घाई नडते, हे धरून चला.

दोन-तीन आयांना बरोबर घ्या. एकटीने गेलात तर ती तक्रार होते. मुख्याध्यापकांकडे वेळ मागा आणि तीनच गोष्टी मागा. शौचालयाच्या दारांना कड्या, नळाशी साबण, आणि तासाला जायची परवानगी. डब्याची घंटा झाली की शिकवणं तिथेच थांबवायचं, आणि पहिली दहा-पंधरा मिनिटं कुणी मैदानावर जायचं नाही, म्हणजे जागा पकडायची घाई उरत नाही. तिसरं, वजन पडद्याआड घ्यायचं आणि कुठेही वाचायचं नाही. कॅन्टीन, मैदान, रोजची पंधरा मिनिटं हे पुढच्या भेटीला ठेवा. पहिल्याच दिवशी दहा मागण्यांचा कागद नेलात, तर त्यातली सगळ्यात सोपी एक मान्य होते: आहारावर तज्ज्ञांचं व्याख्यान. मुलं ते मधल्या सुट्टीच्या वेळेत ऐकतात.

शाळा आत्ता बदलू नका. पाच महिन्यांत तिने एक टेबल अर्धंमुर्धं मिळवलं असेल, ते मोडून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात कशाला? सांगूनही वजनं पुन्हा वर्गात वाचली गेली, किंवा कडीसाठी तीन महिने ‘बघू’ म्हणत राहिले, तर मात्र मीच तुम्हाला दुसरी शाळा बघा म्हणेन. ती बघायला जाल तेव्हा प्रयोगशाळा आणि सभागृह नंतर दाखवा म्हणा. आधी मुलींचं शौचालय बघा, मग मधल्या सुट्टीत एका वर्गाच्या दाराशी घड्याळ लावून उभ्या राहा.

तोवर संध्याकाळी तिच्याबरोबर तुम्हीच बाहेर पडा. व्यायाम म्हणून नको, काहीतरी आणायला म्हणून, पायी. तिला जॅकेट घालू द्या. महिनाभराने मला पुन्हा लिहा, आणि डब्याचं राहू द्या, बाटली किती रिकामी येते ते आधी कळवा.